फरकाचा रकाना

दोंडाईच्याच्या पुढं, तापीच्या अलीकडं,
जिथं शेवटची पऱ्हाटी संपते
आणि काळ्या काचांचं शेत सुरू होतं,
तिथं एका खांबावर ते यंत्र बसवलंय:
काचेच्या दोन टोप्यांखाली एक काळी टिकली.
तिचं काम तापणं,
आणि किती तापले ते खरं सांगणं.

सकाळी सहाला मी शिडी लावतो.
टोपी पुसायची मऊ फडक्यानं.
पाणसळीचा बुडबुडा मधोमध आहे का बघायचं,
कुपीतले निळे खडे गुलाबी पडलेत का बघायचं.
रात्री होला बसून गेला असेल
तर त्याचीही नोंद.

दुसरं ऊन पुण्याहून येतं, ईमेलनं.
छत्तीस हजार किलोमीटरवर कुणीतरी टांगलेलं आहे,
पंधरा मिनिटांनी एकदा डोळा उघडतं.
त्याच्या एका चौकोनात आमचा प्लांट, वीटभट्ट्या,
अमरावती नदीचं कोरडं पात्र आणि अर्धं गाव मावतं.
खरं तर इथलं ऊन त्याला दिसतच नाही.
ढगानं, जमिनीनं परत पाठवलेलं तेवढं दिसतं,
त्यावरून तो मांडतो, खाली किती पोचलं असेल.
लग्नाहून परतणाऱ्यांची तोंडं बघून
पंगत कशी झाली ते ओळखावं, तसं.
आणि बऱ्याचदा ओळखतो.

रजिस्टरात रकाने: वरचं, खालचं, फरक, शेरा.
फेब्रुवारीभर फरक शंभरात दोन.
नऊ एप्रिलला वरचं म्हणालं सहा पूर्णांक नऊ,
खालचं सहा पूर्णांक एक.
फोन आला. टोपी पुसली? पुसली.
बुडबुडा? मधोमध.
खडे? निळे.
"मग यंत्र म्हातारं झालं असेल."
दीड वर्षाचं पोर ते.

कुंपणापलीकडं गोजरबाईच्या बिबड्या होत्या,
खाटेवर जुनं लुगडं, त्यावर ज्वारीच्या वाटोळ्या ओळी.
काल दुपारी तीनला उलटल्या होत्या,
आज साडेचार झाले तरी बोटाला चिकटत होत्या.
माझ्याकडं न बघताच म्हणाली,
"आज ऊन पातळ शे,"
ताकाबद्दल बोलावं तसं.

मी वर पाहिलं. ढग औषधालाही नाही.
पण ते निळं नव्हतं.
पीठ चाळल्यावर घरात थोडा वेळ राहतं
तसलं काहीतरी सगळीकडं,
आणि सातपुड्याची रेघ
कुणी बोटानं पुसल्यासारखी.
वरच्याच्या कोष्टकात एप्रिलला एवढी धूळ मंजूर नव्हती.
शेऱ्यात मी लिहिलं: ऊन पातळ.
पुण्यानं विचारलं, हे कोणतं एकक?

जिंकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग मे महिन्यात रोज चार वाजून दहा मिनिटांनी
खालचं ऊन अर्ध्यावर यायचं.
दहा मिनिटं. मग पुन्हा जागेवर.
असं अकरा दिवस.
वरचं ढिम्म.
मी धूळ लिहिली, ढगाचा तुकडा लिहिला,
वायरिंग लिहिलं, साहेबांना दोनदा भरवशानं सांगितलं.

बाराव्या दिवशी चारलाच शिडीखाली जाऊन उभा राहिलो.
कावळ्यांना बुजवायला गोजरबाईनं
लांब बांबूवर हिरवं पोलकं अडकवलं होतं.
त्याची एक बाही, चार वाजून दहाला,
हळूच येऊन टिकलीवर बसली.

दोंडाईच्यावर ऊन पुरेपूर होतं. वरचा बरोबर होता.

बांबू दोन हात सरकवला, ती काही बोलली नाही.
अर्धी वाळलेली एक बिबडी तेवढी हातावर ठेवली,
"देख बरं, वाळनी का?"
मी चावून पाहिली.
कडेला कडक, मध्ये अजून ओली, आणि जिरं जरा जास्त.
रजिस्टर उघडंच होतं.
अकरा दिवसांच्या शेऱ्यांवर रेघ ओढायची होती,
पेनला पीठ लागलं.