प्रश्न उद्भवत नाही

पंचायतीच्या मागच्या खोलीत, जन्म-मृत्यूच्या रजिस्टरांखाली
विधानसभेच्या कामकाजाचे सतरा खंड निघाले.
सोळांना उधळी लागलेली.
सतराव्यात यादोराव टेंभुर्णे अजून बोलत होते.

मी त्यांना एकदाच पाहिलेलं, सहा वर्षांची असताना.
एस.टी.तून उतरून ते थेट आमच्या छपरीत आले,
मायच्या सुपाशेजारी बसले.
तेंदूचं एक पान उचललं, कात्री मागितली,
वाकडं कापलं.
माय हसली : "भाऊ, हे छाटीत जाईन."
"छाटीत म्हणजे?"
मग तिनं सांगितलं, हात न थांबवता :
हजार वळाव्या, दीडशे सट्टेदार बाजूले काढते.
त्याचे पैसे नाही. अन् फेकतही नाही बाप्पा,
विकते.

पान दोनशे बारा.
श्री. टेंभुर्णे : अध्यक्ष महोदय, या दीडशे बिड्या
नापास आहेत. मी ओढून पाहिल्या. पेटतात.
(हशा)
अध्यक्ष : सन्माननीय सदस्यांनी सभागृहात वस्तू दाखवू नयेत.
श्री. टेंभुर्णे : वस्तू नाही, महोदय,
ही एका बाईची मंगळवारची मजुरी आहे.
(अडथळा) (घंटा वाजते)

मायला मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं,
आता तिला डाव्या कानानंच ऐकू येतं.
बराच वेळ बोटं हलवत राहिली, रिकामीच.
मग म्हणाली, "मंगळवार नाही. बुधवार.
मंगळवारी बाजार राहे."

पुढं मोहटोल्याच्या तलावाचं खोलीकरण.
हजेरीपटावर त्रेसष्ट मजूर, त्यातले नऊ
काम निघायच्या आधीच वारलेले.
हे खरे आहे काय?
असल्यास, मृतांचे अंगठे कोणी घेतले?
नसल्यास, चौकशीस विलंबाची कारणे काय आहेत?
छापील उत्तर :
एक, हे अंशतः खरे आहे.
दोन व तीन, प्रश्न उद्भवत नाही.

नऊ माणसं. अंशतः.
त्यातला एक माझा मामा, सोनबा.
मेल्यावर त्यानं अकरा दिवस माती वाहिली
आणि एकही खाडा केला नाही.

पान तीनशे सत्तरवर ते थकलेले वाटतात.
हातपंपाचा वायसर बदलायचा तर फाईल तालुक्याला जाते, महोदय,
तहान तेवढी गावात राहते.
एक तर पंचायतीला सही करू द्या,
नाही तर तहानही तालुक्याला न्या.
इथं कंसात काहीच नाही.
कोणी हसलं नाही, कोणी अडवलं नाही.
बहुतेक जेवणाची वेळ असावी.

केसलटोला बुडालं त्या वर्षी
ते काय बोलले, मी शोधलं.
नकाशावरून गाव गेलं, बोहाऱ्यासकट, समाजमंदिरासकट,
आणि सतराव्या खंडात त्याचं नावही नाही.
गप्प बसले असतील.
किंवा बोलले असतील त्या सोळांत,
उधळीनं खाल्लेल्या पानांवर.
मला ठरवता येत नाही.
पुढच्या निवडणुकीत ते पडले, एवढं ठाऊक आहे.
पडल्यावर एस.टी.चा पास होता, पण तिकीट काढत, म्हणतात.
म्हणतात, म्हणून लिहिलं. पुरावा नाही.

सव्वीस जानेवारीची ग्रामसभा.
सतरंजी, दोन टेबलं, झेंड्याच्या फुलांतली उरलेली पाकळी.
सदस्य म्हणून माझं पहिलं वर्ष,
आणि पांदण रस्त्याच्या यादीवर एकेचाळीस नावं,
त्यातली दोन मला माहीत आहेत :
एक सुरतला आहे, दुसरा चितेवरून कधीच उतरला नाही.
मी उभी राहिले.
आवाज माझाच होता, पण वाक्य आधीच छापलेलं :
हे खरे आहे काय?

ग्रामसेवक हसले. पुढच्या रांगेतले दोघे हसले.
कोणी टिपून घेत नव्हतं, म्हणून मीच
वहीत कंस काढला, त्यात लिहिलं : हशा.

तेवढ्यात मागून, बायकांच्या बाजूनं,
कोण ते मला दिसलं नाही,
एक घोगरा आवाज आला :
"असल्यास?"

ग्रामसेवकांनी पेनाचं टोपण काढलं.