मिनिटाला नऊ थेंब

नाइट करून आले तेव्हा सुमोखाली
जुनेदनं बेदाण्याचा खोका उलगडून ठेवला होता,
त्यावर काळं तळं.
पदर खोचून वाकले, घड्याळ धरलं:
मिनिटाला नऊ थेंब.
सवयच ती. वीस वर्षं मिरजेच्या वॉर्डात
थेंबच मोजत आले,
फक्त तिथले आत जातात.

शोरूमवाला म्हणाला, ऑइल कूलरची लाइन गेलीय,
बेचाळीसशे, आठ दिवस, नाहीतर दहा.
गाडी जुनी झाली आता सिस्टर, असंही म्हणाला,
आम्ही नातेवाइकांना म्हणतो तसं,
डोळ्यांकडं न बघता.

मग रविवारी घरीच.
लिंबाखाली नको, काड्या पडतात उघड्या तोंडात,
पत्र्याच्या सावलीत घेतली.
जॅक, दोन घोडे, मागच्या चाकांना विटा.
जुनेद आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला,
पुस्तकातलं सगळं तोंडपाठ,
इंजिनाखाली मात्र पहिल्यांदाच आडवा झालेला.
टॉर्च धर म्हटलं तर माझ्याच डोळ्यांत धरायचा.

बोल्ट सुटेना.
रॉकेल सोडलं, चहा झाला, वाट बघितली.
परत पाना लावला, दात खाऊन ओढला,
आणि तो सुटला असा एकदम
की चार बोटं चॅसीवर सोलून निघाली.
रक्त कुठलं, ऑइल कुठलं,
फडक्यालाच विचारायची वेळ.
जुनेदची आजी मूठभर हळद घेऊन आली,
म्हणाली, सांगलीत काय कमी आहे, चिमटीनं कशाला.
पेशंटला मी हे करू दिलं नसतं.
गप्प बसून लावून घेतली.

लाइन हातात आली तेव्हा दिसलं,
रबर धडधाकट होतं.
लोखंडी टोपी जिथं रबराला दाबून धरते
तिथं केसाएवढी फट.
जोडलेल्या जागीच सुटत जातं माणसाचंही, असं काहीतरी
मनात आलं,
पण बोलून दाखवण्यासारखं ते नव्हतं,
आणि जुनेदला भूक लागली होती.

कुपवाडला मगदूमांच्या शेडमध्ये
ऊसतोडीच्या मशिनांचे पाइप बनतात.
सीझन चालू, त्यामुळं रविवारीही प्रेस धडधडत होता.
जुनेदच्या मागं बसून गेले,
जुनी लाइन पिशवीत, मांडीवर,
लॅबला सॅम्पल नेतात तशी.
मगदूमांनी वाकवून बघितली, हुंगली.
"ह्येला कसला नंबर वो, मापच घेतो की."
सहाशे चाळीस.
तांब्याचे चार वॉशर वर, फुकट.

नवी लाइन जुन्याच वाटेनं घेतली,
सायलेन्सरच्या पाइपापासून चार बोटं लांब,
कुठं घासत नाही ना, ते चाचपत चाचपत.
शेवटचा बोल्ट आवळताना पंचाईत.
टॉर्क रेंच नव्हता.
कमी पडला तर गळणार, जास्त झाला तर आटे जाणार.
पलीकडं दस्तगीरचाचा सताराचा भोपळा तासत बसलेले,
जन्मभर तारा आवळल्या त्यांनी.
विचारलं, थांबायचं कुठं, ते हाताला कसं कळतं?
त्यांनी मान वर केली.
"तारेचं कळतं, सिस्टर. ती बोलते.
बोल्ट काय बोलत न्हाय. तुमचं तुम्हीच बघा."
आणि परत भोपळ्याकडं वळले.

पाव फेरा दिला.
अजून थोडा.
थांबले.

ऑइल भरलं, किल्ली फिरवली.
लाल दिवा लागला आणि लागूनच राहिला,
मी स्टेअरिंग धरून बसलेली,
मग गेला.
"कोरडं!" जुनेद खालून ओरडला.
तरी पाच मिनिटं घड्याळ सोडलं नाही मी.

रात्री नवा खोका अंथरला, तोही बेदाण्याचाच.
सकाळी टॉर्च घेऊन वाकले.
थेंब नाही.
दुमडीत राहून गेलेला एक बेदाणा
आणि त्याच्याकडं निघालेली मुंग्यांची रांग.
ती काही मी मोजली नाही.