पाणी घातलेली मालिका

सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात ते अकरा,
मोंतेविदेओच्या या दवाखान्यात चार खुर्च्या, चार यंत्रं
आणि एकच टीव्ही, तोही विल्मारच्या बाजूला कललेला.
रक्त बाहेर जातं, धुऊन परत येतं.
तेवढ्यात दोन सिनेमे होतात,
नाहीतर तुर्की मालिकेचे पाच भाग.

मत मात्र ताबडतोब.

विल्मारने तीस वर्षं बस चालवली.
परवा पडद्यावर पोलिसांनी अख्ख्या शहरातून गाडी पिटाळली,
तर हा म्हणतो, "एकदाही गिअर बदलला नाही. खोटारडे."
झालं. सिनेमा त्याच्यापुरता तिथेच संपला.
एदिसोन बेकरीवाला. बर्फातल्या त्या मालिकेतले खून
त्याला पसंत होते, पण आठ भागांत
त्या तपास करणाऱ्या बाईने पावाचा तुकडा मोडला नाही.
"उपाशीपोटी खुनी सापडतो होय?"
निबिया रडते. चांगल्याला रडते, वाईटाला जास्त रडते,
आणि डोळे पुसून म्हणते, "टुकार होतं."
मी जन्मभर शिवणकाम केलं, मला बटणंच दिसतात:
दारात आली तेव्हा वरचं बटण लागलेलं,
मिठीत उघडं, निरोप घेताना पुन्हा लागलेलं.
लावलं कुणी? तो तर दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होता.

तुर्की मालिकेतली नेर्मिन गेल्या बुधवारपासून जिना उतरते आहे.
खाली नवरा उभा, ज्याला ती मेलेला समजते.
ओठ तुर्की हलतात, आवाज स्पॅनिश येतो.
"पाणी घालतात नुसतं," विल्मार कुरकुरतो.

आणि आम्हाला दिवसाला अर्धा लिटर.
सूप धरून. गोळीबरोबरचा घोट धरून.
इथे सगळं शहर काखेत थर्मास मारून हिंडतं,
भर रस्त्यात नळीने कडू माते ओढत.
आम्ही चौघं रिकाम्या काखेने येतो.
यामांदू, आमचा नर्स, आपला पेला बाहेर बाकावर ठेवतो,
पण वास त्याच्याबरोबर आत येतोच.

एप्रिलमध्ये तो वाळवंटाचा सिनेमा लागला.
नाव कुणी पाहिलं नाही, नटही ओळखीचा नाही.
कथा यथातथाच, संगीत कर्कश.
शेवटाकडे तो माणूस एका अंगणात शिरतो,
म्हातारी त्याच्यापुढे सुरई धरते,
आणि तो पितो.
कॅमेरा हलत नाही. संगीत थांबतं.
गळ्याची गाठ वर, खाली. वर, खाली.
हनुवटीवरून ओघळतं, छातीवर, मातीत.
सांडतो मेला. सांडतो!
चार यंत्रं गुरगुरत होती, बाकी कुणी नाही.
निबियासुद्धा रडली नाही.
खूप वेळाने एदिसोन म्हणाला, "पैकीच्या पैकी."
विल्मारने हरकत घेतली नाही.

जूनमध्ये एदिसोनला किडनी मिळाली.
रात्री दोनला बोलावणं आलं, आणि पुढच्या सोमवारी
त्याच्या खुर्चीत एक पोरगा, कानांत बोंडं घालून
आपल्याच फोनवर आपलंच काहीतरी बघणारा.
कसं होतं विचारलं, तर म्हणे, "बरं होतं."
बरं होतं! याला काय मत म्हणायचं?

काल एदिसोनचा फोन आला, यामांदूने स्पीकर लावला.
बघायला वेळच नाही, म्हणाला, भट्टी पुन्हा पेटवली,
पहाटे तीनला उठतो. नेर्मिन पोचली का खाली?
पोचली, मी म्हटलं, धावत जाऊन मिठी मारली.
कसली मिठी, विल्मार म्हणाला, थोबाडीत मारली.
निबिया म्हणाली, तो नवरा नव्हताच, जुळा भाऊ होता.
(खरं तर ती अजून वरून चौथ्या पायरीवर आहे.)
एदिसोन हसत सुटला. मग सांगू लागला,
डॉक्टर म्हणतात रोज तीन लिटर प्या, वैताग नुसता,
आणि मधेच थांबला.
फोनमधून घोट ऐकू आला.
मग दुसरा.

यामांदू फोन बंद करायला वाकला.
विल्मारने सुई नसलेला हात वर केला.
"थांब. आवाज वाढव."