कोरडी जागा

पोत्यावर छापलेलं असतं: कोरड्या जागी ठेवा.
केप्यात, भर आषाढात,
मीठ बरणीत पाणी सोडतं,
चपलेच्या अंगठ्यावर रात्रीत लव उगवते,
तिथे कोरडी जागा म्हणजे नेमकी कुठली
हे छापणाऱ्यालाच विचारायला हवं.

एस्पेरांसबाईने ते मला विचारलं.
पुढ्यात पत्र्याचा टब, टबात नऊ कोंबड्या,
तुरे फिकट, वारंवार धुतलेल्या फडक्यासारखे,
पंखांखाली जांभळे डाग, मार न बसता उमटलेले.
"मुंगूस नाही, साप नाही, डॉक्टर.
उभ्या उभ्या सुकल्या.
आधी अंडी कमी झाली, मग कवच पातळ,
मग पदेराने टोपली परत पाठवली."

सोप्यावरच वर्तमानपत्र पसरून मी एकीचं पोट उघडलं.
काळीज काढतात ना रस्सा करताना,
त्याच्या शेजारचं ते तांबूस यकृत
इथे पिवळं होतं, पिकल्या काजूबोंडासारखं,
आणि बोट टेकवलं तर फुटलं.
तिने पाहिलं.
खूप वेळाने म्हणाली, "म्हजी चूक?"

मी उत्तर टाळून पोत्याकडे गेले.
वरचा मका खडखडीत.
कोपरापर्यंत हात घातला तेव्हा आत ऊब लागली,
तापात निजलेल्या मुलाच्या काखेतली असते तशी.
मूठ बाहेर काढली.
चार दाण्यांच्या डोळ्यांवर हिरवी पूड,
बाकीचे सगळे निर्दोष दिसणारे.

"तसले मी निवडून टाकायचे," ती म्हणाली,
"ऊन पडलं की वाळवायचे, एकदा तर भाजलासुद्धा मका."
तिला कसं सांगायचं,
की बुरशी मरते,
मागे ठेवलेलं विष मरत नाही,
मेलेल्या सावकाराची वही जशी वसुली करत राहते.
त्याला वास नाही. चव नाही.
त्याला निवडता येत नाही.

सांगितलंच शेवटी.
तेवढ्यात तिच्या पायाला डबा लागून वाजला,
आणि उरलेल्या सगळ्या
लटपटत, माना पुढे काढून, धावत आल्या.
आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत उभ्या राहिलो,
डबा रिकामा.

माडामागे खड्डा खणला, चुना टाकला.
कुत्र्याला बांधून ठेव, म्हटलं.
मक्याचा नमुना कागदी पिशवीत घेतला.
अहवाल आला अकरा दिवसांनी,
आकडा होता, जेवढा असू नये त्याच्या सहापट.
फोनवर ती फक्त "बरें" म्हणाली.

चवथीच्या आधी पुन्हा त्या वाटेने गेले.
नव्या कोंबड्या नव्हत्या, जुन्याच, एकोणीस उरलेल्या,
तुऱ्यांना जरासा रंग.
"कोरडी जागा मिळाली," म्हणाली, आणि आत नेलं.

निजण्याच्या खोलीतलं शिसवी कपाट,
आत दिवसरात्र जळणारा चाळीसचा दिवा.
तारवटी नवऱ्याचा निळा कोट तिथे टांगलेला असायचा,
बोटीवरून तो परतला नाही त्याला तेरा पावसाळे झाले,
एकाही पावसाळ्यात कोटाला डाग पडला नव्हता.
आता तिथे अर्धं पोतं मका,
लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब,
मी सांगितलं होतं तसं.

कोट बाहेर, खिडकीच्या खिळ्याला.
खांद्यांवर हिरवी मऊ साय धरू लागलेली.

मी काही बोलणार होते.
तिने बोटाने ती साय पुसली,
बोट पदराला नाही, भिंतीला पुसलं,
आणि डबा उचलत म्हणाली,
"असूं दी गो.
हा कुणाच्या पोटात जायचा नाही."