फरकाचा रकाना

वाटाण्याची डाळ मागितली, तर भवानी पेठेतला दुकानदार म्हणाला,
हरभऱ्याची म्हणताय तुम्ही.
नाही हो, वाटाण्याची. सोललेली, हिरवी.
मग घरी सोलत बसा, म्हणाला,
आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.
शेवटी कॅम्पात मिळाली,
अर्धा किलो, खड्यांसकट.

सूप करा, असं लुइझाबाईंनी सांगितलेलं.
खालच्या मजल्यावरच्या; उभा जन्म ससूनमध्ये नर्स.
तापातून उठलेल्या माणसाला जड नको,
आणि चव नाही तर निदान गिळायला तरी सोपं.

चव नाही. वासही नाही.
ताप गेला तो जाताना दोन्ही घेऊन गेला.
हेमांगी म्हणते, पुठ्ठा चघळल्यासारखं.
एकदा शेगडीची कळ उघडी राहिली
आणि ती तिथंच उभी राहून वेणी घालत होती.
तेव्हापासून स्वयंपाक माझ्याकडे.

मी एकतीस वर्षं विजेचे मीटर वाचले,
बोपोडी, दापोडी, येरवडा,
जिन्याखालचे, कुत्र्यांमागचे, कोळिष्टकांतले.
मला येतं ते एवढंच:
मागचं रीडिंग, चालू रीडिंग, फरक.
एक कोरी वही उरली होती. तीच घेतली.

सोमवार. मीठ, मिरी, तमालपत्र एक.
ती म्हणाली, गरम आहे.
फरक: शून्य.

मंगळवार. लसूण आठ पाकळ्या, तुपात लाल.
जिन्यात पोस्टमन थबकून म्हणाला, वा.
ती म्हणाली, गरम आहे.

बुधवारी गोडा मसाला, चिंच, गुळाचा खडा,
आणि माझ्या डोळ्यांदेखत सूपची आमटी झाली.
बघतच राहिलो.
कितीही लांबून निघालो
तरी हात शेवटी आपल्याच गल्लीत वळतो.
लुइझाबाईंना वाटीभर नेऊन दिली.
हे काय सूप आहे? म्हणाल्या,
आणि वाटी पुसून परत केली.

गुरुवारी जायफळ. शुक्रवारी ओवा.
हिंगाची तर डबीच धरली नाकाशी,
ती म्हणाली, झाकण बदललंत का?
शनिवारी जरा लाजतच दालचिनी.
गरम आहे.
गरम आहे.
आज थोडं निवलंय.

बंद पडलेला मीटर मी लांबून ओळखतो.
चकती हलत नाही
आणि घरात दिवा मात्र जळत असतो.
तेव्हा शेऱ्यात लिहायचं असतं:
मीटर सदोष, पुन्हा भेट द्यावी.
रविवारी मी त्यातलं अर्धंच लिहिलं.
पुन्हा भेट द्यावी.

पुढच्या आठवड्यात, वार नोंदवायचा राहिला,
डाळ शेगडीवर होती
आणि जिन्यात नवा मीटरवाला आला.
पोरगेलासा. वही नाही, पेन्सिल नाही,
मोबाइलवर फोटो काढला की झालं.
काका, तुम्ही हाताने लिहायचात? सगळं?
सगळं, मी म्हणालो, आणि सांगत बसलो.
येरवड्याचं सांगितलं, पुराचं सांगितलं,
एका बाईने मीटरला हळदकुंकू वाहिलं होतं, ते सांगितलं.

परत आलो तर पातेलं गप्प.
वरची वरची डाळ अलगद काढली,
तळाला धक्का न लावता,
नुसतं मीठ घातलं, घाईत दुसरं काही नाही.
वाढली. बोललो नाही.

तिने एक घोट घेतला. थांबली.
दुसरा घेतला.
लागलंय, म्हणाली.

कुठं? मी विचारलं.
तळाला, म्हणाली,
मग जिभेवर बोट ठेवून: इथं.

पातेलंच मागून घेतलं तिने
आणि चमच्याने खरवडत राहिली.
कानाला करकर लागणारा तो आवाज
मी उठून थांबवला नाही.

रात्री वही उघडली.
मसाल्याच्या रकान्यात लिहिलं, करपलं.
खोडलं. पुन्हा लिहिलं.
फरकाच्या रकान्यावर पेन्सिल टेकवून बसलो.
आकडा सुचेना.

आता उद्या पुन्हा लावायचं
तर आच किती, मिनिटं किती,
आणि त्या पोराला दारात उभं करून
पुराचं कितीदा सांगायचं,
हे लुइझाबाईंना विचारावं म्हणतो.
विचारेन, पण ओरडतील.