छाट

दुपारी दोनला अक्कलकोट रोडचं डांबर चपलेला चिकटतं.
बंद गिरणीच्या मागच्या भिंतीला भगदाड आहे,
तिथून मी आत जाते. पिशवीत
नव्या सुया, स्पिरिटचे बोळे, पाण्याच्या कुप्या
आणि वापरलेल्या सुयांचा पिवळा डबा.

"सिस्टर, आज चार द्या."
श्रीशैल. नोंदवहीत नाव नसतं, एकशे सात.
"कालच्या?"
शेंगाचटणीच्या रिकाम्या बरणीतून
तो तीन काढतो.
चौथी सादिकनं नेली, म्हणतो,
आणि बाभळीकडं बघत राहतो.

मी रागवत नाही.
राग आला की मोजणी चुकते.

डाव्या कोपरात गळू, चार दिवसांचं.
पुसून, पट्टी बांधून सांगते,
"ह्या हाताला आता सुट्टी. आणि उद्या सिव्हिलला."
"गेलतो की. वॉर्डबॉय म्हणला,
गर्दुल्ल्यांची लाईन वेगळी."
"कुठं आहे ती लाईन?"
"तेच तर. गेटपर्यंत शोधत आलो, मग बाहेरच पडलो."
हसतो. दात अजून चांगले आहेत त्याचे.

"केंद्रावर ये. जिभेखालची गोळी सुरू करू."
"गड्डा झाला की येतो."
मे महिना चाललाय. गड्डा जानेवारीत.
"बरं," म्हणते मी. "तोवर ह्या चार."

घरी अम्मा सूप मांडीवर घेऊन विड्या वळतेय.
आज तिनं विचारलंच :
"सुया देतीस व्हय त्यास्नी? वर पगार घेतीस?"

"तू चाळीस वर्षं रोज हजार विड्या वळल्यास.
ओढणाऱ्याचं नाव कधी विचारलंस?"

कात्री थांबली.
बोलले आणि जीभ चावली मी.
पंख्याखाली पानांचा चुरा
उगाच इकडून तिकडं गेला.

बऱ्याच वेळानं, दोरा दातानं तोडत,
ती म्हणाली,
"आमचा मुनीम शंभरात दहा छाट काढतो.
पान फाटलं, तोंड सैल राहिलं, काढ बाजूला.
तुमच्यात किती काढत्यात?"

"एकपण नाही, अम्मा."

"मग हिशेब कसा जुळतो?"

जुळत नाही.
रोज एखादी सुई कमीच परत येते.
तांब्याभर पाणी पिऊन
मी वहीत आजची तारीख घालते.
एकशे सात : चार दिल्या, तीन आल्या.
खाली पेन्सिलीनं :
सादिक. रक्त तपासायचं राहिलंय.
उद्या रुळांच्या पलीकडं बघणे.