वीस क्रेटचं एक संत्रं

शेंदुरजना घाटच्या अलीकडे, पॅकिंगच्या शेडमध्ये
नऊ मॅनेजर, नऊ लॅपटॉप,
बसायला उलटे केलेले क्रेट.
नागपूरहून आलेल्या बुटांना
वरूडची काळी माती.

यांतल्या तिघांच्या हाताखाली मी काम केलंय.
"छोटंसंच तर अ‍ॅप आहे,
सोमवारपर्यंत होऊन जाईल ना?"
या वाक्यानं माझे किती रविवार गिळले
त्याचा हिशेब मी ठेवला नाही.
आज शनिवार,
आणि खडू माझ्या हातात आहे.

सांगितलं : एक बटण, एक आकडा.
क्रेट ट्रकात चढला की बटण दाबायचं,
आकडा एकानं वाढायचा. बस्स.
"एवढंच?" धोटे साहेब हसले.
त्यानंतर दुपारी दीडपर्यंत हसले नाहीत.
कुठलासा एक कंस उघडा राहिला होता,
गोठ्याचं फाटक राहावं तसा,
आणि अख्खा पडदा लालबुंद.
बत्तलवार मॅडमचा आकडा खाली खालीच निघाला,
उणे सात क्रेट.
"म्हणजे आपण ट्रक रिकामा करतोय," त्या म्हणाल्या,
आणि स्वतःच दुरुस्त करायला बसल्या.

मधे वीज गेली.
मी क्रेटवर खडूनं नाव लिहिलं, म्हटलं, हे चल.
नाव तेच राहतं, आतला माल बदलतो.
काझी म्हणाले, "आमच्या डिपार्टमेंटसारखं."

रविवारी खरा ट्रक लागला.
धोट्यांचं अ‍ॅप बेबीताई नेवारेच्या हाती दिलं.
तिची स्वतःची रीत होतीच :
"वीस चढले का एक फय बाजूले."
पोत्यावर संत्र्यांची रांग
हळूहळू लांब होत गेली.

ट्रक भरला. फोन म्हणाला, दोनशे त्रेचाळीस.
पोत्यावर अकरा संत्री. दोनशे वीस.

तेवीस क्रेट गेले कुठे?
नऊ जण कोडमध्ये शिरले.
ओळ न् ओळ उलटीपालटी केली,
मग ट्रकवर चढून माल पुन्हा मोजला :
दोनशे चाळीस.
इतक्यात माझं लक्ष काझींच्या बशीकडे गेलं.
बशीत ताजी साल.

"वीस क्रेट खाल्ले साहेबानं,"
बेबीताई म्हणाली, "अन् बिया बी नाही थुकल्या."
शेड हसून हसून वाकलं.

तरी तीन उरत होते.
ते तिनंच दाखवले :
सालीच्या तेलानं बोटं बुळबुळीत,
पडदा ओळख देईना,
म्हणून ती दुसऱ्यांदा दाबायची,
तेव्हा पडदा दोन्ही दाब मोजायचा.
"यूजर एरर," धोटे पुटपुटले.
बेबीताईनं बोटं पुढे केली.
"मंग ह्या बोटाईलेच ट्रेनिंग द्या ना जी."

कुणी हसलं नाही या वेळी.
धोट्यांनी ती बोटं पाहिली, बराच वेळ.
मग लॅपटॉप मांडीवर ओढला.
जेवण आलं, झुणका निवला.
एकदा दाबलं की क्षणभर बटणानं गप्प बसायचं,
एवढ्या गप्पेसाठी चौदा ओळी,
आणि त्यांतल्या अकरा चुकीच्या.
शेवटी त्यांनी खाली आणखी एक बटण काढलं,
नाव ठेवलं, "चुकलं".
"हे मोठं करजा भाऊ," बेबीताई म्हणाली.
"मले नाही. तुमालेच लागन."

सोमवारी सकाळी साहेबांचा मेसेज येऊ लागला.
टायपिंग... थांबलं. टायपिंग...
काही लिहिलं असेल, पुसलं असेल.
नऊ बावन्नला आला :
"एक काम आहे. किती दिवस लागतील, तुम्ही सांगा."

मी अजून उत्तर दिलेलं नाही.
आयुष्यात पहिल्यांदा विचारलंय,
तर जरा नीट मोजते.